मोटारसायकलमध्ये जास्त ऑक्टेनचे पेट्रोल टाकावे का? ठाणे-नवी मुंबईतील नव्या चालकांसाठी मार्गदर्शन

नवी मोटारसायकल घेऊन पहिल्यांदा पंपावर गेलेल्या माणसाला नोझल हातात घेतलेला कर्मचारी विचारतो, ‘साधं की पॉवर?’ मागे रिक्षा आणि स्कूटर यांची रांग खोळंबलेली असते, त्यामुळे उत्तर द्यायला दोन-तीन सेकंदांपेक्षा अधिक वेळ मिळत नाही. या घाईत कोणी महाग ते चांगले असे समजून लिटरमागे सात-आठ रुपये जास्त मोजतो, तर कोणी हा निव्वळ पैसे काढण्याचा प्रकार आहे असे मानून कायमचे साध्या पेट्रोलवर राहतो. माझ्या अनुभवात दोघांचाही निर्णय कधी कधी बरोबर ठरतो, पण कारण मात्र दोघांचेही चुकीचे असते. कोणत्या इंजिनाला किती ऑक्टेन लागते हे त्या इंजिनाच्या रचनेवर ठरते. ते एकदा नीट समजून घेतले, की पुढची अनेक वर्षे पंपावर विचार करावा लागत नाही. हा लेख त्या एकदाच्या अभ्यासासाठी आहे.

आधी ऑक्टेन म्हणजे काय ते समजून घ्या

इंजिनाच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर येताना हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले जाते, आणि पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या किंचित आधी स्पार्क प्लग ठिणगी टाकतो. ठिणगीपासून ज्योत सुरू होते आणि ती मिश्रणातून क्रमाने पसरत जाते. ज्योत पसरत असताना कोपऱ्यात अजून न जळलेले जे मिश्रण उरलेले असते, त्यावर पिस्टनचा दाब असतोच, शिवाय जळून फुगलेल्या वायूंचाही दाब पडतो आणि त्याचे तापमान झपाट्याने वाढते. हे उरलेले मिश्रण ज्योत पोहोचेपर्यंत तग धरून राहिले तर सर्व काही सुरळीत होते. ते तग धरू शकले नाही तर आपोआप, एकदम पेट घेते, दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि बाहेर धातूवर धातू आपटल्यासारखा टणटण आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. सौम्य नॉकिंग क्वचित झाले तर लगेच काही बिघडत नाही, पण भर लोडवर ते दीर्घकाळ चालू राहिले तर पिस्टनचा माथा खड्डे पडून झिजतो आणि रिंगांची जागा तुटू शकते.

पेट्रोलची ही तग धरण्याची क्षमता म्हणजे ऑक्टेन. तिची मोजपट्टी १९२० च्या दशकात अमेरिकेत ठरली. आयसोऑक्टेन हा द्रव नॉकिंगला चांगला विरोध करतो म्हणून त्याला १०० गुण, आणि नॉर्मल हेप्टेन सहज नॉक होतो म्हणून त्याला शून्य. एखादे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे आहे याचा अर्थ असा, की दाब कमी-जास्त करता येणाऱ्या एका प्रमाणित एकसिलिंडरी चाचणी-इंजिनात ते ९१ टक्के आयसोऑक्टेन आणि ९ टक्के हेप्टेनच्या मिश्रणासारखे वागते. त्या पेट्रोलमध्ये प्रत्यक्षात ९१ टक्के आयसोऑक्टेन असते असे मुळीच नाही.

या व्याख्येत उष्णतेचा किंवा ताकदीचा उल्लेख कुठेही नाही, ही गोष्ट नव्या चालकाने मनात पक्की करावी. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचे (एक प्रकारच्या अल्कोहोलचे) प्रमाण सारखे असेल तर ९१ आणि ९५ ऑक्टेनच्या एक लिटर पेट्रोलमधून मिळणारी उष्णता जवळपास सारखीच असते. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल हळू जळते म्हणून चांगले, असेही ऐकायला मिळते. ऑक्टेनचा संबंध ज्योतीच्या वेगाशी नाही, मिश्रण आपोआप पेट घेण्याला किती विरोध करते याच्याशी आहे.

मग जास्त ऑक्टेनचा उपयोग कोणाला? इंजिन बनवणाऱ्याला. पेट्रोल जास्त दाब सोसू शकेल अशी खात्री असेल तर तो मिश्रण अधिक दाबणारे इंजिन बनवू शकतो, ठिणगी अधिक आधी टाकू शकतो, आणि तेवढ्याच पेट्रोलमधून जास्त काम काढू शकतो. याच हव्यासापोटी १९२१ मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याचा शोध लागला आणि पुढे अनेक दशके जगभरच्या धुरातून ते विष लोकांच्या अंगात गेले. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० सालच्या फेब्रुवारीपासून बंद झाले. आज ऑक्टेन वाढवायला शुद्धीकरण कारखान्यातील प्रक्रिया आणि इथेनॉल यांचा आधार घेतला जातो. तेव्हा जास्त ऑक्टेनमुळे मिळणारी ताकद इंजिनाच्या आराखड्यात आधीच धरलेली असते. आराखडा ९१ वर बेतलेला असेल तर टाकीत १०० ऑक्टेनचे पेट्रोल ओतून तो बदलत नाही.

पहिले काम: गाडीचे मॅन्युअल उघडा

गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका बहुतेक जण विम्याच्या कागदांबरोबर कपाटात ठेवून विसरतात. ती काढावी आणि इंधनाचे पान शोधावे. काही गाड्यांवर टाकीच्या झाकणाजवळ चिकटपट्टीही असते. तेथे आरओएन (रिसर्च ऑक्टेन नंबर, ऑक्टेन मोजण्याची एक पद्धत) या अक्षरांसह एक आकडा दिलेला असतो. भारतात पेट्रोलचे ऑक्टेन याच पद्धतीने सांगितले जाते. आकडा ९१ असेल तर साधे पेट्रोल पुरेसे आहे आणि या लेखाचा पुढचा बराच भाग तुम्हाला केवळ शंकानिरसनासाठी वाचायचा आहे. आकडा ९५ किंवा त्याहून अधिक असेल आणि त्यापुढे ‘किमान’ असा शब्द असेल, तर ती उत्पादकाची अट समजावी. ‘शिफारस’ असा शब्द असेल तर कमी ऑक्टेनवर गाडी चालेल, पण पूर्ण क्षमतेने नाही, असा त्याचा सर्वसाधारण अर्थ होतो.

येथे एक फसगत होते. अमेरिकेत पंपावर लिहिलेला आकडा वेगळ्या पद्धतीचा असतो. तिकडे आरओएन आणि एमओएन (मोटर ऑक्टेन नंबर) अशा दोन चाचण्यांच्या आकड्यांची सरासरी देतात, आणि दुसऱ्या चाचणीच्या अटी कडक असल्यामुळे ती सरासरी आपल्या आकड्यापेक्षा चार-पाच अंकांनी कमी दिसते. तिकडचे ८७ म्हणजे साधारण आपले ९१, आणि तिकडचे ९१ म्हणजे साधारण आपले ९५. एखाद्या अमेरिकन चालकाचा व्हिडिओ पाहून ‘या गाडीला ९१ लागते’ असे कोणी सांगितले, तर तो कोणता ९१ हे विचारल्याशिवाय विश्वास ठेवू नये. आयात केलेल्या मोठ्या गाडीच्या बाबतीत ही चूक महागात पडू शकते.

दुसरे काम: कॉम्प्रेशन रेशो पाहा

मॅन्युअल हरवले असेल, किंवा जुनी गाडी विकत घेताना ते मिळालेच नसेल, तर गाडीच्या तांत्रिक माहितीत कॉम्प्रेशन रेशो पाहावा. मिश्रण मूळ आकारमानाच्या कितव्या हिश्शापर्यंत दाबले जाते हे तो सांगतो. आपल्याकडच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्या दहाच्या आसपास असतात. रॉयल एनफील्डच्या सध्याच्या क्लासिक ३५० चा रेशो ९.५ आहे, आणि त्याच कंपनीच्या ६५० सीसीच्या इंटरसेप्टरचाही ९.५ च आहे. इंजिन मोठे आणि गाडी महाग म्हणजे पेट्रोलही महागच लागणार, हा समज किती पोकळ आहे ते या एका उदाहरणावरून कळते. उलट यामाहाच्या १५५ सीसीच्या आर१५ चा रेशो ११.६ आहे, आणि केटीएमच्या ३९० चा तर १२ पेक्षा अधिक आहे.

ढोबळ मानाने दहापर्यंतच्या रेशोला साध्या पेट्रोलच्या पलीकडे जाण्याचे कारण नसते. दहा ते साडेअकराच्या दरम्यानच्या गाड्या भारतासाठी बनवल्या असतील तर त्याही ९१ वर चालतील अशाच बेतलेल्या असतात. बाराच्या पुढे मात्र ९५ चा विचार गांभीर्याने करावा, आणि १३ च्या आसपासच्या लिटर-क्लास (हजार सीसीच्या आसपासच्या) सुपरबाईकना ९५ किंवा अधिक हे बहुतेक वेळा आवश्यकच असते. हा नियम ढोबळ आहे हे विसरू नये. पाण्याने थंड होणारे इंजिन हवेने थंड होणाऱ्या इंजिनापेक्षा जास्त दाब निभावून नेते, आणि ज्वलनकक्षाच्या आकाराचाही फरक पडतो. त्यामुळे मॅन्युअलमधील आकडा आणि हा नियम यांत तफावत दिसली तर मॅन्युअल प्रमाण मानावे.

याच टप्प्यावर गाडीला नॉक सेन्सर आहे का, हेही सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून घ्यावे. हा सेन्सर इंजिनाची कंपने ऐकतो आणि नॉकिंगची चाहूल लागताच संगणकाला ठिणगी थोडी उशिरा टाकायला सांगतो. ज्या महागड्या गाड्यांत तो असतो त्यांना कमी ऑक्टेनचे पेट्रोल मिळाले तर त्या स्वतःला सांभाळून घेतात आणि त्या बदल्यात थोडी ताकद गमावतात. त्यांना योग्य पेट्रोल दिले की ती ताकद परत येते, आणि चालकाला वाटते की पेट्रोलने ताकद वाढवली. आपल्या रोजच्या वापरातील बहुतेक गाड्यांत हा सेन्सर नसतो आणि ठिणगीची वेळ ठरलेल्या तक्त्याप्रमाणेच पडते. त्या गाडीला आपल्याला महाग पेट्रोल मिळाले आहे हे कळायचा मार्गच नाही.

ई२० आल्यानंतर प्रश्न कसा बदलला

पाच-सहा वर्षांपूर्वी हा लेख लिहिला असता तर येथेच थांबता आले असते. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ या प्रदूषण-मानकाचे इंधन देशभर लागू झाले तेव्हा साध्या पेट्रोलचे ऑक्टेन किमान ९१ होते, आणि ९५ हवे असेल तर प्रिमियमच (पंपावरचे ‘पॉवर’सारखे महाग पेट्रोल) घ्यावे लागे. त्यानंतर इथेनॉलचे प्रमाण वाढत गेले. २०२२ च्या मध्यावर ते १० टक्क्यांवर (ई१०) पोहोचले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर (ई२०). इथेनॉलचे स्वतःचे ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे, त्यामुळे मिश्रणाचे ऑक्टेनही वाढते. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या स्पष्टीकरणानुसार ई२० पेट्रोलचे ऑक्टेन ९५ पर्यंत गेले आहे. याचा अर्थ, कापूरबावडीच्या किंवा तुर्भ्याच्या पंपावर आज जे ‘साधे’ म्हणून मिळते, त्याची नॉकिंगविरोधी क्षमता काही वर्षांपूर्वीच्या ९५ च्या प्रिमियमइतकी आहे. केवळ ऑक्टेनसाठी ९५ चे प्रिमियम घेण्याचे कारण त्यामुळे पुष्कळच कमजोर झाले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मात्र इथेनॉलने ऑक्टेन वाढवले तरी उष्णता कमी केली. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते, म्हणून २० टक्के मिश्रणातील ऊर्जा हिशेबाने सहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात ई१० साठी जुळवलेल्या दुचाकींचे मायलेज ई२० वर तीन ते चार टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिलेला आहे. अलीकडे गाडी ॲव्हरेज कमी देते म्हणून ९५ चे प्रिमियम सुरू केलेले कितीतरी सहकारी माझ्या कार्यालयातच आहेत. त्यांची तक्रार खरी आहे, पण उपाय जुळत नाही, कारण ९५ च्या प्रिमियममध्येही सहसा इथेनॉल असतेच, आणि घट ऑक्टेनमुळे झालेली नसल्यामुळे ऑक्टेन वाढवून ती भरून निघत नाही.

एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाडीच्या मालकाने ऑक्टेनपेक्षा रबरी नळ्या, गॅस्केट आणि कार्ब्युरेटरचे भाग यांच्याकडे लक्ष द्यावे. ई२० सोसणारे भाग साधारण त्या सुमारापासून नव्या गाड्यांत येऊ लागले.

तिसरे काम: चढावर कान देऊन ऐका

कागदावरचे काम झाले की गाडीला विचारावे. यासाठी ठाणे आणि नवी मुंबईत उत्तम जागा आहेत, कारण नॉकिंग सपाट रस्त्यावर रमतगमत जाताना सहसा ऐकू येत नाही. त्याला चढ, वजन आणि उष्णता लागते. घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा घाट, मुंब्रा बायपासचा चढ किंवा बेलापूरकडून पारसिक टेकडीवर जाणारा रस्ता यांपैकी जो जवळ असेल तो निवडावा. रहदारी कमी असेल अशी वेळ धरावी, इंजिन पूर्ण तापलेले असावे, मागे माणूस बसलेला असल्यास अधिक चांगले. चढावर गाडी नेहमीच्या गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर थोडा जास्त उघडावा आणि ऐकावे. काचेच्या बरणीत छर्रे हलवल्यासारखा टिणटिण आवाज आला आणि ॲक्सिलरेटर सोडताच तो थांबला, तर ते नॉकिंग आहे. गाडी उभी असतानाही जो टकटक आवाज येतो आणि आरपीएमबरोबर वाढतो तो बहुधा टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाचा) किंवा टायमिंग चेनचा असतो, आणि त्यावर कोणतेही पेट्रोल उपाय ठरत नाही. नवे चालक या दोन आवाजांत सर्वाधिक गोंधळतात, म्हणून शक्य असेल तर पहिल्या वेळी अनुभवी चालकाला बरोबर न्यावे.

आवाज ऐकू आला म्हणून लगेच पेट्रोल बदलू नये. मी ती चूक केलेली आहे. माझ्याकडे कार्ब्युरेटरची १५० सीसीची गाडी होती, आणि एका मे महिन्यात पत्नीला मागे बसवून वसईला जाताना गायमुखच्या चढावर हा आवाज पहिल्यांदा आला. मी दोन महिने प्रिमियम पेट्रोल टाकले. आवाज कमी झाला, पण गेला नाही, आणि कमी झाल्यामुळे मी निर्धास्त राहिलो. शेवटी नौपाड्यातल्या एका वयस्क मेकॅनिकने गाडी चालवून पाहिली आणि म्हणाले, ‘दादा, पेट्रोलला दोष देऊ नका, गाडी आतून काळी झालीय.’ हेड उघडल्यावर पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा जाड थर निघाला. या थरामुळे ज्वलनकक्षाची जागा घटते, म्हणजे कॉम्प्रेशन रेशो नकळत वाढतो, शिवाय तापलेला कार्बन मिश्रणाला अधिक उष्णता देतो. याखेरीज कोणीतरी पूर्वी बसवलेला स्पार्क प्लग त्या इंजिनासाठी जास्त गरम जातीचा, म्हणजे टोक अधिक तापणारा होता. कार्बन काढला, योग्य प्लग बसवला, कार्ब्युरेटर जुळवला, आणि तीच गाडी त्याच चढावर साध्या पेट्रोलवर शांतपणे चढली. त्या दोन महिन्यांत मी जे जास्तीचे पैसे दिले, त्यांनी आजार झाकला होता.

म्हणून नॉकिंग ऐकू आल्यास तपासण्याचा माझा क्रम असा आहे. सर्वप्रथम स्वतःची सवय पाहावी. घोडबंदरच्या कोंडीतून बाहेर पडताना अनेक जण गिअर न उतरवता चौथ्या-पाचव्यातच ॲक्सिलरेटर पिळतात. कमी आरपीएम आणि जास्त ॲक्सिलरेटर या जोडीत न जळलेल्या मिश्रणाला तापायला भरपूर वेळ मिळतो, त्यामुळे निरोगी इंजिनही नॉक होते. एक गिअर खाली घेतल्यावर आवाज बंद झाला तर प्रश्न तिथेच संपला. त्यानंतर स्पार्क प्लगचा क्रमांक मॅन्युअलशी ताडून पाहावा, एअर फिल्टर पाहावा, इंजिन ऑइलची पातळी पाहावी, आणि इंजिनाच्या पंखांत (बाहेरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांत) चिखल साचला असेल तर तो धुवावा, कारण हवेने थंड होणाऱ्या इंजिनाची सारी मदार त्या पंखांवर असते. नंतर दुसऱ्या पंपावरचे पेट्रोल भरून पाहावे. भेसळीमुळे ऑक्टेन घसरते, आणि शंका असल्यास पंपावर फिल्टर पेपरची चाचणी व घनता तपासून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. एवढे करूनही आवाज राहिला तर कार्बन तपासून घ्यावा. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल हा यानंतरचा उपाय आहे, आणि तोही मेकॅनिककडे जाईपर्यंत इंजिन वाचवण्यासाठी.

चौथे काम: पैशांचा हिशेब स्वतः मांडा

दर बदलत राहतात, म्हणून येथे केवळ नमुन्यादाखल आकडे घेतो. समजा साधे पेट्रोल १०४ रुपये आणि ९५ चे प्रिमियम ११२ रुपये लिटर आहे, आणि तुमची गाडी साध्यावर ४५ किलोमीटर देते. प्रिमियमचा खर्च भरून निघायचा असेल तर मायलेज ४८.५ च्या आसपास जायला हवे, म्हणजे जवळपास आठ टक्के वाढ हवी. १०० ऑक्टेनचे पेट्रोल १६० रुपये धरले तर तेच मायलेज ६९ किलोमीटर व्हावे लागेल. ९१ वर बेतलेल्या इंजिनाने एवढी झेप घेणे शक्य नाही. कासारवडवलीहून महापे किंवा ऐरोलीला कामाला जाणाऱ्या माणसाचे महिन्याला हजार किलोमीटर सहज होतात. त्याला २२ लिटर पेट्रोल लागते आणि जास्तीचा खर्च महिन्याला पावणेदोनशे, वर्षाला सुमारे २१०० रुपये येतो. या रकमेत बहुतेक लहान गाड्यांचे ऑइल, एअर फिल्टर आणि स्पार्क प्लग बदलून होतात, आणि त्यांचा फायदा मात्र निश्चित असतो.

तरीही स्वतः पडताळून पाहायचे असेल तर जरूर पाहावे, फक्त मोजणी प्रामाणिक असावी. टाकी झाकणाखालच्या एकाच खुणेपर्यंत भरावी, गाडी मुख्य स्टँडवर सरळ उभी असावी, नेहमीच्याच रस्त्याने फिरावे, आणि पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरून किती लिटर गेले ते लिहावे. टाकी भरण्यात पाव लिटर इकडेतिकडे होतेच, आणि आठ लिटरांत पाव लिटर म्हणजे तीन टक्क्यांची चूक. शिवाय एक आठवडा शिळफाट्याच्या कोंडीत आणि दुसरा आठवडा मोकळ्या पाम बीच रस्त्यावर गेला तर आकड्यांना अर्थच उरत नाही. म्हणून प्रत्येक प्रकारच्या पेट्रोलच्या किमान तीन टाक्या मोजाव्यात आणि टायरमधील हवा दर आठवड्याला सारखी ठेवावी. हवा कमी असण्याने मायलेज जेवढे घटते तेवढा फरक पेट्रोल बदलून पडताना मी पाहिलेला नाही.

पंपावरची नावे आणि दुकानातल्या बाटल्या

प्रिमियम पेट्रोलची नावे निरनिराळी आहेत: इंडियन ऑइलचे एक्सपी ९५ आणि एक्सपी १००, हिंदुस्तान पेट्रोलियमचे पॉवर ९५, भारत पेट्रोलियमचे स्पीड ९७. नावात आकडा असेल तर तो ऑक्टेनचा समजावा. नावात आकडा नसेल तर ऑक्टेन किती हे थेट विचारावे, कारण प्रिमियम म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेट्रोलांचे ऑक्टेन पूर्वी साध्याइतकेच असे आणि जास्तीचे पैसे इंजिन आतून स्वच्छ ठेवणाऱ्या द्रव्यांसाठी घेतले जात. ही द्रव्ये निरुपयोगी नाहीत. इंजेक्टर आणि इनटेक व्हॉल्व्हवरचा थर ती हळूहळू काढतात. पण त्यासाठी सलग काही टाक्या भराव्या लागतात, दिवाळीला एकदा पॉवर टाकून काही साधत नाही. मेकॅनिकने इंजेक्टर घाण झाल्याचे सांगितले असेल तर तीन-चार टाक्या प्रिमियम वापरणे मला योग्य वाटते.

ऑक्टेन बूस्टरच्या बाटल्यांपासून मात्र दूर राहावे. बाटलीवर ‘पॉइंट’ वाढतील असे लिहिलेले असते, आणि अशा ठिकाणी एक पॉइंट म्हणजे ऑक्टेनचा एक-दशांश अंक असू शकतो. तीस पॉइंट म्हणजे ९१ चे ९४, १२१ नव्हे. यांतील काही बाटल्यांत लोहाची किंवा मँगनीजची संयुगे असतात आणि त्यांचा थर स्पार्क प्लगवर बसतो.

अडचणीच्या प्रसंगी

९५ पेक्षा जास्त ऑक्टेन लागणारी गाडी घेऊन मुरबाडमार्गे माळशेजला निघालात आणि वाटेत हवे ते पेट्रोल मिळाले नाही, तर घाबरण्याचे कारण नाही. दोन प्रकारचे पेट्रोल एकाच टाकीत मिसळले तरी चालते, आणि मिश्रणाचे ऑक्टेन साधारण प्रमाणानुसार ठरते, म्हणजे ९५ आणि १०० समसमान मिसळले तर ९७-९८ च्या आसपास येते. मिसळायलाही काही नसेल तर जे मिळेल ते भरावे, गिअर खालचा ठेवावा, ॲक्सिलरेटर निम्म्याच्या वर उघडू नये, आणि पुढच्या पंपावर योग्य पेट्रोल भरावे.

लडाखला जाणारे मित्र १०० ऑक्टेनची चौकशी करतात तेव्हा मला त्यांना थांबवावेसे वाटते. उंचीवर हवा विरळ होते, सिलिंडरमध्ये कमी हवा जाते, दाब कमी होतो आणि नॉकिंगची शक्यताही घटते. साडेतीन हजार मीटरवरच्या लेहमध्ये हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो. इंजिनाला ऑक्टेनची खरी गरज आपल्याकडे, समुद्रसपाटीवर, मे महिन्याच्या दुपारी लागते.

शेवटची सूचना पावसाळ्याची आहे. जून ते सप्टेंबर गाडी सोसायटीच्या आवारात उभी ठेवून लोकलने जाणारे अनेक जण आहेत. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल पाण्याबरोबर पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. इंजिनाकडे पहिल्यांदा हेच पाणीमिश्रित इथेनॉल जाते, म्हणून गाडी सुरू होत नाही. वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल गेल्यामुळे त्याचे ऑक्टेनही घसरलेले असते. मे अखेरीस १०० ऑक्टेनचे भरले होते की साधे, याने येथे फारसा फरक पडत नाही. टाकी काठोकाठ भरून ठेवावी म्हणजे आत हवेला जागा राहत नाही, झाकणाचे रबर तडकले असल्यास बदलावे, गाडीवर पाणी झिरपणार नाही असे आवरण घालावे, आणि दर आठ-दहा दिवसांनी ती पंधरा-वीस मिनिटे फिरवून आणावी. तीन महिने तसेच राहिलेले पेट्रोल गॅरेजमध्ये काढून घ्यावे आणि मगच ताजे भरावे.